पतंगी अक्षरातली गोल खाच

१

लहानू पेंटरची चोरीला गेलेली अक्षरं नाशकातल्या द्वारकेच्या चौकात सापडली, तेव्हा ती पुरुषभर उंच झाली होती.

दिवाळी नुकतीच सरली होती. लहानू दवाखान्यातून रिक्षाने घरी चालला होता. श्रावणात त्याच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात कायमचा निजला. शेजारी त्याची मुलगी छाया बसली होती. सिग्नलला रिक्षा थांबली. लहानूने सहज मान वर केली, तर समोरच्या भल्यामोठ्या होर्डिंगवर कुठल्याशा साड्यांच्या दुकानाचं नाव, आणि ते त्याच्या अक्षरांत. जाडजूड, तिरपी, कडाकडांची, एकमेकांना कोपरखळ्या मारत उभी राहिलेली. अशी अक्षरं अख्ख्या नाशकात एकाच माणसाच्या हातून उतरत होती, आणि तो माणूस तर रिक्षात बसलेला होता.

त्या अक्षरांचे मूळ नमुने घरी कुलपात होते. कुलपाची किल्ली छायाच्या गळ्यात होती.

"विकलीस," लहानू म्हणाला. त्यानंतर तो छायाशी एक शब्द बोलला नाही.

मार्गशीर्ष संपला, पौष लागला, तरी बोलला नाही. शेवटी छायाने पुण्याच्या एका छापखान्यात नोकरी पाहिली आणि रविवारी निघायचं ठरवलं. बातमी सायखेड्याला पोचली, तशी लहानूची थोरली बहीण सिंधुबाई एसटीत बसली.

सिंधुबाई म्हणजे सायखेड्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या रिटायर बाई. वर्गात डुलक्या काढण्याबद्दल त्यांची मोठी ख्याती. पण कोणाचा खडू कोणी लांबवला हे बाई डुलकीतून जाग्या होताच बरोबर सांगत, म्हणून पोरं त्यांना वचकून असत. बाईंचं म्हणणं असं, की उघड्या डोळ्यांना जे दिसतं ते फार गलबला करतं. डोळे मिटले की त्यातलं खटकणारं तेवढं उरतं.

धुक्यातून एसटी द्वारकेला आली. सिंधुबाईंनी खिडकीतून होर्डिंग पाहिलं. अर्धी अक्षरं धुक्यात, अर्धी बाहेर, जणू आकाशातच कोणी लिहीत होतं. ओळखीची होती, भावाच्या हातची होती. तरी त्यांत काहीतरी लहानूचं नव्हतं. काय ते कळायच्या आत एसटी वळली.

२

घर पंचवटीत, पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. लहानू खाटेवर पडून होता. बहिणीला बघताच त्याचे डोळे भरले.

"आक्का," तो जड जिभेने म्हणाला, "तिनं नाय केलं, असं शाबीत कर."

"आणि केलं असेल तर?"

"तर मला सांगू नको."

सिंधुबाईंना फार वाईट वाटलं. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते, पण हा तर रागावलेला नव्हताच. पोरगी त्याला हवी होती आणि तिच्याकडे बघायचा रस्ता त्याला सापडत नव्हता.

छायाने निमूटपणे गळ्यातली किल्ली काढून पेटी उघडून दिली. आत काडेपेटीएवढाली पांढरी अक्षरं होती. जाड कार्डातून ब्लेडने कापलेली, वरून पांढरा ऑइलपेंट दिलेली. लहानू ही अक्षरं समोर ठेवायचा आणि चौकटी आखून ती पाटीवर मोठी करायचा. नाटकांच्या पाट्या, मंडळांचे फलक, रसवंत्या, नव्वद सालानंतरचं निम्मं नाशिक याच पेटीतून निघालेलं. मोठ्या लोकांनी मागितली तरी त्याने ती कोणाला दिली नव्हती.

सिंधुबाईंनी 'ळ' हातात घेतला आणि त्यांना हसू आलं. 'ळ' इतका वळणावळणाचा, पण लहानूने तोही सगळा सरळ कापांनी उभा केला होता. पोरगा वाढला येवल्यात, पतंगांच्या कागदात. पतंग कापणारा ब्लेड वळवत नाही, कागद वळवतो. तीच सवय अक्षरांत उतरली, म्हणून लोक त्यांना पतंगी अक्षरं म्हणत. अख्ख्या पेटीत गोलाई म्हणून औषधालाही नव्हती.

"एखादं हरवलं होतं का मधे?"

"नाही, आत्या. सगळी आहेत."

चोरीचा माल जागच्या जागी, कुलूप शाबूत, आणि चोरी मात्र चौकात टांगलेली. सिंधुबाईंनी छायाकडे पाहिलं. पोरगी सुकली होती, पण तिच्या चेहऱ्यावर खोटा आळ आलेल्या माणसाची चीड दिसत नव्हती.

"तू अण्णांना सांगत का नाहीस, की मी विकली नाहीत म्हणून?"

"सांगून काय होणार?" छाया म्हणाली आणि पेटी बंद करून बॅग भरायला आत गेली.

तेवढ्यात छायाची आई सुलाबाई चहा घेऊन आली.

"सुला, ही पेटी कधी उघडी राहते का गं?"

"कधीच नाय, वन्सं. किल्ली छायाकडं, अन् ती लय जपती."

"मग तूही म्हणतेस, छायानेच केलं?"

सुलाबाईंनी कपबशी खाली ठेवली. "माझी पोर असं करायची नाय," त्या म्हणाल्या आणि चहाचं पातेलं उतू जातंय असं सांगून आत गेल्या. चहा तर कपात होता.

३

गल्लीच्या तोंडाशी हर्षलचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड. हर्षल हसतमुख, बोलका, आणि उत्तर द्यायच्या आधी माऊसशी खेळणारा.

"पतंगी फॉन्ट माझ्याकडे आहे, आत्या. नाही कशाला म्हणू? पण सगळ्यांकडेच आहे आता. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला. सीडीवर फिरतो. पहिला कोणाचा, देव जाणे."

"देव मानतोस होय तू?"

"तेवढं नका विचारू. नवमी-दसऱ्याला सगळी गल्ली हत्यारं पूजत बसते, मी दुकान उघडं ठेवून पत्रिका छापत असतो. कॉम्प्युटरला कुंकू लावून तो काय फास्ट चालणार आहे?"

सिंधुबाईंनी पडद्यावर अक्षरं बघायला मागितली. हर्षलने 'क' मोठा करून दाखवला. त्याच्या माथ्यावरच्या रेघेला डाव्या टोकाशी एक बारकी, गोलसर खाच होती. 'म'लाही होती, 'ळ'लाही होती.

"ही खाच कशाची?"

"हाताने कापलंय ना," हर्षल पटकन म्हणाला. "गिऱ्हाइकांना तेच आवडतं. ओबडधोबड, जिवंत."

"असं," म्हणून सिंधुबाई उठल्या. मघाशी एसटीतून काय खटकलं होतं ते आता कळलं. पण कळून उलगडलं मात्र काहीच नाही.

४

लहानूचा जुना शिष्य भारत अंबडच्या कारखान्यांजवळ ट्रक-टेम्पोंच्या काचांवर रेडियमची अक्षरं चिकटवायचा. त्याच्या दुकानात पाऊल टाकलं आणि सिंधुबाई थबकल्या. समोरच्या प्रत्येक टेम्पोवर पतंगी अक्षरं चमकत होती.

"हे तुला कोणी दिलं, भारत?"

भारतने कानाच्या पाळीला हात लावला. "हर्षलनं, आक्का. म्हणला, अण्णांचंच हाय, आता सगळ्यांना खुलं केलंय. मला वाटलं अण्णांनी दिलं आसंल. मी काय त्यांच्या माघारी त्यांची अक्षरं घेईन व्हय? त्यांच्या पायाशी बसून शिकलोय मी."

खोटं बोलत असेल तर फार छान बोलत होता. सिंधुबाईंची नजर त्याच्या कटिंग मशीनवर गेली. मशीनला झेंडूचा हार होता, वाळून काळा पडलेला. खाली कुंकवाचं बोट तसंच.

"दसऱ्याचा हार अजून ठेवलास?"

"त्यो आपल्या हातानं काढायचा नाय, आपसूक गळू द्यायचा. नवमीला मशीनला हात लावत नाय मी. दिवसभर इथंच बसतो, कारखान्यातली पोरं परसादाला येतात. अण्णांकडं मंग दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला जातो. औंदा बी गेलतो. तवर त्यांची पूजा आवरली व्हती, छाया अक्षरं पुसून पेटीत भरीत व्हती."

"काय पुसून?"

"कुंकू. दर साली अण्णा पेटीच्या झाकणालाच कुंकू लावायचे, अक्षरांना कुणाचं ओलं बोट लागू द्यायचे नाय. औंदा त्यांचा हात उठंना, म्हणून पूजा छायानं केली. तिनं अक्षरं परातीत मांडून एकेकाला बोट लावलं व्हतं. वडलांचं दुखणं बरं व्हावं म्हणून, आसं म्हणाली."

सिंधुबाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या. मशीन घरघरत होतं, पौषातलं कोवळं ऊन काचेतून आत येत होतं. बाईंचे डोळे मिटू लागले. भारतला वाटलं, म्हातारी दमली.

अर्धवट झोपेत अक्षरं पतंग होऊन वर चालली होती. सगळी कडाकडांची, वाऱ्यात खडखडणारी. आणि प्रत्येक पतंगाच्या डाव्या खांद्यावर कोणीतरी हलकेच बोट टेकवत होतं. बोट टेकलं की तिथे आकाश दिसू लागायचं, गोल.

सिंधुबाई खाडकन जाग्या झाल्या. पतंग कापणारा कधी गोल खाच पाडत नाही.

"भारत, तुझ्या या मशीनमधे चित्र घालायचं तर लाल रंग कसा दिसतो रे?"

"स्कॅनरमधून? नुसतं काळं-पांढरं घेतलं तर लाल काळाच येतो."

"मला रिक्षा बघून दे," सिंधुबाई म्हणाल्या. "वाटेत हर्षललाही घ्यायचंय. तो नाही म्हणेल, म्हणून तूही चल."

५

संध्याकाळी सगळे लहानूच्या खोलीत जमले. लहानू खाटेवर उशीला टेकून बसलेला, हर्षल दाराशी घड्याळ बघत, भारत जमिनीवर. छाया खिडकीजवळ उभी होती. सुलाबाई आतल्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, अर्ध्या उजेडात आणि अर्ध्या बाहेर.

"लहानू," सिंधुबाई म्हणाल्या, "चौकातल्या तुझ्या अक्षरांना एक गोल खाच आहे. तुझ्या पेटीतल्या अक्षरांना नाही. तू गोल कापतोस का?"

लहानूने मान हलवली. त्या प्रश्नाचा त्याला जरा अपमानच वाटला.

"म्हणजे ती कापलेली नाही. प्रत्येक अक्षराला, एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढी. सगळ्या वस्तूंना एकेक करून आपण बोट कधी लावतो? पांढऱ्या अक्षरावर कुंकू होतं, आणि पांढरं उठून दिसावं म्हणून स्कॅनरमधे मागे काळं कापड धरलेलं. मशीनने लाल ते काळं धरलं आणि तिथलं अक्षर कापड म्हणून कापून टाकलं. अक्षरांना कुंकू लागलं फक्त यंदा, खंडेनवमीला. दसऱ्याच्या संध्याकाळी छायाने ते पुसलं. चोरी त्याच्या मधली आहे."

"पण पेटीला तर कुलूप..." भारत म्हणाला.

"त्या दिवशी नव्हतं. यंदा अक्षरं परातीत मांडून दुकानात पूजेला ठेवलेली होती. मी विचारलं, पेटी कधी उघडी असते, तर उत्तर आलं, कधीच नाही. नवमी कोणी धरलीच नाही, मीसुद्धा नाही. त्या दिवशी हत्याराला कोणी हात लावत नाही, म्हणून तो दिवस आपल्या हिशेबातच येत नाही."

बाहेर कोणाच्या तरी गच्चीवर पोरं मांजा सोडत होती, त्यांचे आवाज लांबून यावेत तसे येत होते.

"आता छायाचं बघू. किल्ली तिच्या गळ्यात. वर्षातला कुठलाही दिवस तिला मोकळा होता. तिला अक्षरं विकायची असती तर तिने नेमका कुंकवाचा दिवस कशाला निवडला असता? त्या एका दिवसावाचून ज्याचं अडतं, त्याच्याकडे किल्ली नसते. ही पोर पहिल्यापासून निर्दोष आहे, लहानू."

लहानूने डोळे मिटले. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं आणि ते त्याने तसंच वाहू दिलं. छाया मात्र खिडकीबाहेरच बघत राहिली.

"मशीन चालवणारा कोण, हे अवघड नाही. नवमीला या गल्लीत एकच दुकान चालू होतं."

हर्षलने घड्याळावरची नजर काढली. "मी अण्णांचं काही..."

"थांब. तू कुंकू पुसलं असतंस. खाच राहू देणारा तू नव्हेस, तुला तर पूजेचं हसू येतं. म्हणजे तुझा हात कोणीतरी धरला. पूजेचं कुंकू दसरा होईपर्यंत पुसायचं नाही, असं म्हणणारं कोणीतरी तुझ्या शेजारी उभं होतं. मानणाऱ्या माणसाने अक्षरं आणली आणि न मानणाऱ्याने मशीन चालवलं. एकट्याचं काम असतं तर खाच पडलीच नसती."

"भारत मानतो," हर्षल म्हणाला.

"भारत नवमीला दिवसभर अंबडला होता, कारखान्यातल्या पोरांना प्रसाद वाटत. अक्षरं पिशवीत कोंबून नेली असती तर कुंकू एकमेकांना लागून फासलं असतं. खाचा तर सगळ्या एकाच जागी, स्वच्छ. अक्षरं परातीसकट नेली, आडवी, वरून फडकं झाकून. भर दिवसा, भर गल्लीतून. बाप्याने अशी परात नेली असती तर चार जणांनी विचारलं असतं. नवमीच्या दिवशी झाकलेली परात घेऊन जाणाऱ्या बाईला मात्र कोणी हटकत नाही. लोकांना वाटतं, कोणाकडे नैवेद्य चाललाय."

सिंधुबाई थांबल्या. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडाशी होतं, पण भावजयीचं नाव आपण घ्यावं असं त्यांना वाटेना. त्यांना तिची माया होती.

उंबऱ्यावरून आवाज आला, "मी नेली."

६

सुलाबाई उठून उजेडात आल्या.

"यांचा हात गेला. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. हर्षल म्हणला, काकू, अक्षरं कॉम्प्युटरात घातली की डाव्या हाताच्या एका बोटानं उठत्यात. म्हणलं संक्रांतीला यांच्यापुढं मशीन मांडू, दाखवू. हर्षल, तू म्हणला व्हता ना, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाय?"

हर्षलने मान खाली घातली. "साडीवाल्यांना फार आवडला, काकू. वाटलं एकाला दिला तर कळणार नाही. मग तो माझ्या हातात राहिलाच नाही."

"होर्डिंग लागल्यावर सांगायचं होतंस, सुला," सिंधुबाई म्हणाल्या.

"डाक्टर म्हणले व्हते, यांना धक्का बसता कामा नये. आज सांगू, उद्या सांगू. एक दिवस गेला की दुसरा आणखी जड जायचा. पोर घर सोडून चालली तरी माझी जीभ उचलंना." त्या छायाकडे वळल्या, पण तिच्या जवळ जायचा त्यांना धीर झाला नाही.

लहानू बायकोकडे बराच वेळ बघत राहिला. चाळीस वर्षांत तिने त्याला न विचारता केलेली ही पहिलीच गोष्ट असावी. मग तो सावकाश छायाकडे वळला. दिवाळीपासून पहिल्यांदाच त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुला ठावं व्हतं?"

"हो, अण्णा."

"कवापासून?"

"रिक्षातून. खाच बघितली आणि ओळखली. माझंच बोट होतं ते. पूजेनंतर मी बाहेर गेले होते, दुकानाशी त्या दिवशी आईच होती."

"मंग बोलली का नाय?"

"काय बोलू? आईचं नाव घेऊ?" छायाचा आवाज फुटला. "आणि तुम्ही मला विचारलंच कुठे, अण्णा? तुम्ही तर सांगून मोकळे झालात. विचारलं असतंत तर मी निदान नाही तरी म्हटलं असतं. तेवढं मला म्हणायचं होतं हो. रोज वाटायचं, आज विचारतील."

सिंधुबाईंना तिथे बसवेना. आपण एवढा उलगडा केला, पण पोरीला लागलं होतं ते भलतीकडेच, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी हर्षल आणि भारतला डोळ्यांनी खुणावलं. दोघे मुकाट्याने बाहेर गेले.

लहानूचे ओठ हलत होते. दुखण्याने जीभ आधीच जड, त्यात शब्द सापडत नव्हता.

"पुण्याला," तो शेवटी म्हणाला, "जायचं हाय का तुला?"

छायाने त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखरच विचारत होता. उत्तर काय येईल हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते ऐकायची त्याला भीती वाटत होती.

"नाही," ती म्हणाली. "मला जायचं नव्हतंच."

लहानूने डावा हात पुढे केला. छायाने तो लगेच धरला नाही. तिने आधी उंबऱ्याशी उभ्या असलेल्या आईला हाताला धरून खाटेजवळ आणलं, बापाच्या पायाशी बसवलं. मग स्वतः त्याच्या उशाशी बसली आणि त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला.